बोना ओरडत नाही

बोना पाच वेळा बाळंत झाली, पण शेजारची कोंबडीसुद्धा दचकली नाही. आमच्याकडे बाई दार लावून एकटी बाळंत होते, तोंडातून चकार शब्द काढत नाही, आणि नाळ कापायच्या वेळी तेवढी सासूला हाक मारते. ओरडून शेजार गोळा करणाऱ्या बाईच्या माहेराचा उद्धार पुढे दर लग्नाकार्यात होत राहतो. बोनाचं नाव मात्र सासू बाजारात मिरवायची. त्या नावावरच बोना जगत आली होती.

मग तिच्या नवऱ्याने, तामूने, धाकटी बायको केली. बाके. ही पहिल्याच कळेला अशी किंचाळली की तामू कापसाची वेचणी टाकून धावला आणि तिला मोटारसायकलवरून दवाखान्यात घेऊन गेला. परत आली ती बाळ आणि दवाखान्यातून मिळालेले साबण, मच्छरदाणी घेऊन आणि नवऱ्याच्या पाठीला गाल टेकवून. मच्छरदाणीचं बोनाला काही वाटलं नाही. साबणाचंही नाही. तो गाल मात्र तिच्या घशात अडकला.

सहाव्या खेपेला दिवस भरत आले, तेव्हा तामू विचारेल म्हणून ती वाट पाहत राहिली. तामू म्हणाला, "तुझं काय बाई, तू खंबीर! तुला कशाला दवाखाना?"

कौतुकच होतं ते. त्या दिवशी बोनाने जेवणासाठी उकडलेला यामचा कंद इतका कुटला की उखळीची दया यावी. कुटून झाल्यावर म्हणाली, "वय झालं माझं. या वेळी दवाखान्यात जाईन म्हणते."

"वय?" सासू म्हणाली. "धाकटी गेली म्हणून जायचंय, असं म्हण की सरळ."

"बरं, तसं म्हणते."

कळा लागल्या त्या सकाळी तामूने गाडी काढली. दवाखान्यातलं कळतं म्हणून बाके सोबत निघाली आणि नवऱ्यामागे मध्येच बसली. "मध्ये तुझं पोट चेपेल, अक्का." बोनाचा गाल रस्ताभर सवतीच्या पाठीवर होता.

नर्स समुद्राकडच्या शहरातली, आमची रीत तिला ठाऊक नव्हती. तिने बोनाचा शांत चेहरा पाहिला. "अजून वेळ आहे. व्हरांड्यात बस. दुखायला लागलं की सांग."

नेमकं तेवढंच बोनाने जन्मात केलं नव्हतं. मागून आलेल्या बायका ओरडत आत जात होत्या. बाकेने बोनाच्या पायांकडे पाहिलं. अंगठे मातीत रुतले होते.

"अक्का, ओरड ना गं!"

"तू ओरड. तुला सवय आहे."

बाकेने शब्द मानला आणि किंचाळली. नर्स धावत आली आणि बाकेलाच दंडाला धरून आत नेऊ लागली. "अहो मी नाही, ती!" नर्सने मागे वळून हात पुढे केले तेवढ्यात बोनाची मुलगी जन्मून थेट त्यांत आली.

"आता नाळ कापा," बोना म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सासू आली ती बाकेची पाठ थोपटतच. "हिच्या घशाने पोर वाचवली!" मच्छरदाणीही कुणीतरी बाकेच्याच हातात दिली. बोनाने मुलीला पाठीशी बांधलं आणि ती गाडीवर तामूच्या मागे जाऊन बसली. "धाकटीला चालत येऊ दे. घसा बसलाय तिचा, पाय धड आहेत."

तिने गाल टेकवला.

"दुखतंय का गं?" तामूने विचारलं.

"हो," बोना म्हणाली. आणि गाव येईपर्यंत ती कण्हत राहिली, फक्त तामूला ऐकू जाईल इतकं.