काकूंची वाटी

“आधी तू खाऊन बघ,” असं दुकानदाराला म्हणत काकू दुधी भोपळ्यात अंगठ्याचं नख रुतवायच्या. नख रुतलं नाही की भोपळा जून, हे तुम्हाआम्हाला ठाऊक असतं. आपण तो गुपचूप खाली ठेवतो. काकू नेमका तोच विकत घेत.

लढाईचे दिवस होते. साखर, रॉकेल, धान्य सगळं सरकारी कंट्रोलवर, मोजून मिळू लागलं आणि आमच्या राहात्यातल्या किराणा दुकानाच्या फळ्या ओस पडल्या. मग दुकानाच्या शेटजींनी तिथे भाजी मांडली. गावाबाहेर पाण्याखालचे हिरवेगार मळे होते, पण शेटजी बाजार उठताना उरलेला माल स्वस्तात उचलायचे आणि ओलं पोतं टाकून पुढच्या बाजारापर्यंत खपवायचे. मेथी पिवळी, काकडी कडू आणि वांग्यात हमखास भाडेकरू. कुणी तक्रार केलीच तर त्यांचं उत्तर ठरलेलं, “आमी काय वांग्याच्या पोटात शिरून बघतो व्हय?”

मी तेव्हा शाळेत नवा मास्तर होतो आणि काकूंच्या शेजारच्या खोलीत राहत होतो. काकू एकट्याच असत. मुलगा नगरला नोकरीला. भांडण त्यांना जमत नसे. त्या तो जून भोपळा घरी आणून फोडणी देऊन रीतसर शिजवत आणि त्याची वाटी माझ्या हाती शेटजींच्या घरी पाठवत. सोबत निरोप एकच, आधी तू खाऊन बघ.

आता आपल्याकडची रीत तुम्ही जाणताच. शेजारून आलेली वाटी रिकामी परत करायची नसते. शेटाणीबाई रीत पाळणाऱ्या, त्या वाटीत साखर घालून देत. म्हणजे आपलाच जून भोपळा खायचा आणि वर कंट्रोलची साखर घालवायची, असा शेटजींना दुहेरी भुर्दंड. मला ही वाटी पोचवण्यात फार मजा येई.

एक दिवस शेटजींचा तोल गेला. भरल्या दुकानात ते म्हणाले, “काकूंना भाजीचं काय न्हाई. साखर मिळती म्हनून नावं ठेवत्यात.”

गिऱ्हाइकं हसली. काकूंनी हातातली गवार खाली ठेवली आणि त्या घरी आल्या. संध्याकाळी मला चहा देताना एवढंच म्हणाल्या, “मास्तर, माझा चहा गुळाचा असतो, हे तुम्हाला तरी माहीत आहे ना?” त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. जन्मभर कुणाच्या चिमूटभर वस्तूची आशा न धरलेली ती बाई, तिला गावाने लोभी म्हणून हसावं, याचा मला संताप आला.

त्यांनी दुकान सोडलं. रोज पिठलं नाहीतर आमटी. वाटी फडताळात गेली आणि गल्लीची सगळी रयाच गेली. शेवटी न राहवून मी शेटजींना सांगून आलो, की काकूंचा चहा गुळाचा असतो, ती साखर त्या देवापुढे ठेवत आणि मग गल्लीतल्या पोरांच्या हातावर घालत. शेटजींची पोरंही त्या रांगेत असत. शेटजी नुसतं पोतं सारखं करत राहिले.

पुढे चंपाषष्ठी आली. चातुर्मासात वर्ज्य केलेलं वांगं त्या दिवशी खंडोबाला भरीत-रोडग्याच्या नैवेद्यातून सुटतं. काकूंकडे वांगं नव्हतं. मी मळ्यातून आणायला निघणार, तोच शेटजी टोपली घेऊन दारात. गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, “काकू, मी चुकीचं बोललो. तुमचा चहा गुळाचा हाय, हे आता समद्या गिऱ्हाइकांना सांगतो. ही वांगी पहाटं मळ्यात जाऊन आनलीत. एकूणएकाच्या पोटात बघितलंय.”

बघितलं होतंच. प्रत्येक वांगं मधोमध चिरून दोन फाकी केल्या होत्या.

काकू पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. “अरे, भरताचं वांगं कधी असं चिरतात का?”

शेटजींचा चेहरा पडला. पण काकूंनी फाकीला फाक जुळवली, मला बाभळीचे काटे आणायला पाठवलं आणि टाचलेली वांगी निखाऱ्यांवर ठेवली. रानातल्या देवाला काट्यांचं काय, म्हणाल्या. भरीत अंमळ धुरकट झालं, पण झकास झालं. फडताळातली वाटी पुन्हा निघाली.

त्यानंतर शेटजी रोज पहाटे मळ्यावर जाऊ लागले. वाटी जातच राहिली, आता चांगल्या भाजीची.

पुढे काकू आजारी पडल्या. मुलगा घाईने त्यांना नगरला घेऊन गेला आणि तिथेच त्या गेल्या. आजारी पडण्याच्या आदल्या दिवशीची वाटी शेटजींकडेच राहिली होती.

माझीही नंतर बदली झाली. मधे एकदा राहात्याला गेलो, तर दुकानात एक बाई दुधीत नख रुतवत होती आणि शेटजी तिला म्हणत होते, खुशाल बघा. गल्ल्याशेजारी ती वाटी होती, साखरेने भरलेली. येणाऱ्या पोराच्या हातावर ते तीतली चिमूट घालत. मी वाटीकडे पाहतोय हे त्यांच्या लक्षात आलं.

“कुनाला परत करू, मास्तर?” ते म्हणाले. “आन् रिकामी ठेववत न्हाई.”