हासाजींची अकरा पानं

मुंबईत माझगावच्या एका शाळेत बेने इस्रायल समाजातले हासाजी तळकर एकवीस वर्षं ड्रिल मास्तर होते. शिट्टी एक, पोरं तीनशे. १९५८ साली बायको डेबोरा आणि लेक रूती यांना घेऊन ते इस्रायलला आले. किर्यात गात या गावी घर मिळालं आणि सूतगिरणीच्या गोदामात गाठी उचलायचं काम मिळालं. ड्रिलचं कुणी नाव काढलं नाही. हिब्रू धड न येणाऱ्या मास्तरला पोरांपुढे कोण उभं करणार?

१९६३च्या हिवाळ्यात खोकला हटेना, म्हणून ते दवाखान्यात गेले. डॉक्टर झेएव रुमानियाहून आलेले, सदा घाईत. छातीला नळी लावता लावता, हासाजींची ताठ बैठक पाहून, त्यांनी विचारलं, "तू फौजेत होतास?"

सोबत आलेल्या सोळा वर्षांच्या रूतीनं सांगितलं, "नाही, अब्बा शाळेत कवायत शिकवायचे."

डॉक्टरांनी नळी खाली ठेवली. गिरणीतली माणसं कंबर, मान, खांदे धरून येतात, गोळ्या देऊन देऊन मी थकलो, असं बरंच काही ते बोलले आणि रूती ते मराठीत सांगत गेली. मंगळवारी दुपारी मागची खोली मोकळी असते, तिथे ये आणि व्यायाम दे. शेवटी बोट उगारून त्यांनी दोनदा बजावलं, "कोल एखाद लेखुद!" रूतीचं लक्ष तेव्हा खिडकीबाहेर होतं. हासाजींच्या कानांनी त्यातला 'एखाद' तेवढा पकडला.

घरी ते डेबोराला म्हणाले, "एखादाच येणार आहे. जमेल."

मंगळवारी रूतीला घेऊन ते गेले, तर खोलीत अकरा माणसं बसली होती.

हासाजी क्षणभर गांगरले. मग सवयीनं त्यांनी सगळ्यांना दोन रांगांत उभं केलं आणि "वन, टू" सुरू केलं. हात वर, वाका, हात खाली. तिसऱ्याच आकड्याला त्स्वी नावाचा विणकर कंबर धरून जमिनीवर बसला. आवाज ऐकून डॉक्टर धावत आले. लालबुंद चेहऱ्यानं ते परत तेच तीन शब्द ओरडले.

रूतीनं बापाची बाही ओढली. "अब्बा, एखाद म्हणजे एक! कोल एखाद म्हणजे प्रत्येकजण, लेखुद म्हणजे वेगवेगळं. प्रत्येकाला वेगळा व्यायाम द्या म्हणतायत."

"वेगळा? म्हणजे अकरा जणांना अकरा ड्रिल?"

"केन, हो."

हासाजी घरी आले ते डोकं धरूनच. "हात सगळ्यांना दोनच ना? मग व्यायाम अकरा कुठून आणू?"

डेबोरा तांदूळ निवडत होती. "अहो, डॉक्टर सगळ्यांना एकच बाटली देतो का?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी वही आणली आणि माणशी एक पान केलं. वर नाव, खाली काड्यांची माणसं, त्याखाली मराठीत सूचना. त्स्वीनं वाकायचं नाही, पाठीवर झोपून एकेक गुडघा पोटाशी घ्यायचा. मान धरलेल्या बाईनं मान फिरवायची नाही, हनुवटी नुसती मागे सारायची. हात कुठवर वर गेला की कपाळाला आठी पडते, हे ते बघू लागले. पोरांच्या कपाळाकडे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. हळूहळू माणसं सुधारली, पण कुणाला नेमकं कशानं बरं वाटलं, ते त्यांना छातीठोक सांगता येत नसे. त्स्वी तर खुशाल म्हणाला, की घरी मी काहीच करत नाही. तरी त्याची कंबर मोकळी झाली होती.

अडलं ते ब्राखापाशी. मोरोक्कोहून आलेली पस्तिशीची बाई, सूतकताईच्या खात्यात कामाला. उजवा खांदा आखडलेला. सांगितलेलं जसंच्या तसं करणारी तिच्यासारखी दुसरी कुणी नव्हती. मंगळवारी जाताना तिचा हात कानापर्यंत जायचा आणि पुढच्या मंगळवारी परत छातीशी अडायचा. हासाजींनी व्यायाम कमी केला, मग वाढवला. भिंतीवर बोटं चढवायला लावली, दाराला दोरी बांधून ओढायला लावली. तिचं पान भरलं, मागची बाजू भरली, तरी खांदा आपला तिथेच.

"ती घरी करत नसेल," डॉक्टर म्हणाले.

हासाजींना ते पटलं, कारण दुसरं काही सुचत नव्हतं. ब्राखा "करते, मोरे, करते" म्हणाली (मोरे म्हणजे मास्तर), तेव्हा ते मराठीतूनच कडाडले, "खोटं बोलू नकोस!" शब्द तिला कळले नाहीत, आवाज कळला. पुढच्या मंगळवारी ती आली नाही.

आठवडाभर त्यांना अन्न गोड लागेना. एका सकाळी, शाळेआधी, रूतीला घेऊन ते ब्राखाच्या घरी गेले. दार उघडंच होतं. आत एका बुटक्या लोखंडी खाटेवर ब्राखा वाकली होती. अर्धं अंग लुळं पडलेली तिची आई, अंगानं चांगली भारी, एका हातानं लेकीच्या उजव्या खांद्याला लोंबकळत उठत होती.

हासाजी उंबऱ्यातच थांबले. "विचार, दिवसातून किती वेळा?"

"चार-पाच वेळा," रूतीनं विचारून सांगितलं.

"मग हे मला सांगितलं का नाही?"

ब्राखा काहीतरी पुटपुटली. रूती म्हणाली, "ती म्हणते, तुम्ही गिरणीत काय करतेस ते विचारलं, घरचं विचारलं नाही. आणि आई म्हणजे काही दुखणं नाही."

हासाजींनी कोट काढला. काय करायचं ते त्यांना अजून ठाऊक नव्हतं, पण शंभर-शंभर किलोच्या गाठी ते रोज हलवत होते. म्हातारीला खुर्चीत बसवून, अंगणातल्या विटा आणून त्यांनी खाटेच्या चारही पायांखाली दोन-दोन घातल्या. रूतीला म्हातारी बनवून खाटेवर निजवलं. मग ब्राखाला शिकवू लागले: आधी कुशीवर वळव, मग तिचे पाय खाली सोड, तुझे गुडघे तिच्या गुडघ्यांना लाव, कमरेला धर आणि मागे रेल. "हात नाही! पाय, पाय!" ते ओरडत होते. मग खऱ्या म्हातारीची पाळी आली; ती अरबीत शिव्या देत होती. तिसऱ्या खेपेला ती सहज उभी राहिली, आणि तिचं तिलाच नवल वाटून गप्प झाली.

दोन महिन्यांत ब्राखाचा हात कपडे वाळत घालायच्या दोरीपर्यंत पोचला. पुरता बरा झाला नाही, थंडीत धरायचाच.

"कोणता व्यायाम दिलास?" डॉक्टरांनी विचारलं.

हासाजींनी वही चाळली. "विटा," ते म्हणाले. डॉक्टरांना कळलं नाही, आणि हासाजींनाही समजावून सांगता येईना.

त्या दिवशी जेवताना ते डेबोराला म्हणाले, "शाळेत एक सॉलोमन होता. हात कधी सरळ वर न्यायचा नाही. मी त्याला मैदानाच्या फेऱ्या मारायला लावायचो. आळशी समजायचो."

"असेलही आळशी."

"असेलही. मी विचारलं कुठे?"

डेबोरानं त्यांच्या ताटात भात वाढला. त्यांनी नको म्हटलं नाही, पण खाल्लाही नाही.

१९६४च्या उन्हाळ्यात दवाखान्यात निली नावाची, व्यायामोपचार शिकलेली बाई आली. पांढरा डगला, भिंतीवर सर्टिफिकेट. आता आपली गरज संपली, असं धरून हासाजी वही द्यायला गेले. निलीनं पानं उलटली. काड्यांची माणसं तिला कळली, अक्षर कळेना.

"हे काय लिहिलंय?" तिनं एका ओळीवर बोट ठेवलं.

एव्हाना हासाजींना मोडकंतोडकं हिब्रू येत होतं. "याचं घर तिसऱ्या मजल्यावर. पाणी वर नेतो."

"आणि हे?"

"ही बाई मुलाला डाव्या कडेवरच घेते. का, ते सांगत नाही."

निली हसेल असं त्यांना वाटलं. ती हसली नाही. तिनं खुर्ची पुढे ओढली, पेन काढलं आणि म्हणाली, "बस. पहिल्यापासून सांग, मी हिब्रूत उतरवून घेते."

हासाजी बसले. पहिलं पान त्स्वीचं होतं, काहीच न करता बरा झालेल्या त्स्वीचं. त्या काड्यांच्या माणसावर बोट ठेवून ते म्हणाले, "लिही, याला घरचं विचारायचं राहिलं." निलीनं तेच उतरवून घेतलं.