गण्याच्या गावातल्या मेंढ्या

गण्यानं वसवलेलं एकबी गाव जगलं नाय.

सगळी माणसं उपाशी मेली. दर वेळी.

अंगात लोकरीचे जाड कोट, घराभोवती मेंढ्याच मेंढ्या, आणि कोठारात दाणा नाय. थंडीनं कुणी मरायचं नाय, भुकेनं अख्खं गाव खलास!

घाबरू नका, गेमबद्दल बोलतोय.

गणेश माझा दोस्त. शेंद्र्याला आम्ही एकाच कंपनीत, एकाच लाइनवर. मूळचा पाचोडकडचा, मेंढपाळाच्या घरातला. आज त्याला जाऊन वर्ष झालं. शिफ्टवरून घरी आला, छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचायच्या आधीच संपलं सगळं.

त्याला गेमचा नाद मीच लावला. ते जुन्या जमान्यातलं गाव वसवायचं असतं ना, ते. मूठभर माणसं, थोडं सामान, समोर जंगल. लाकडं तोडा, घरं बांधा, पेरा, आणि बर्फ पडायच्या आत कोठार भरा. नाय भरलं तर मरा.

सुट्टीच्या दुपारी मी मुकुंदवाडीला त्याच्या घरी जायचो. हा पठ्ठ्या सगळ्यात आधी मेंढ्यांचा वाडा बांधायचा. शेत नंतर.

"अबे, आधी पेर की!"

"थांब ना यार. कळप तर होऊ दे."

कळप व्हायचा. मग मी म्हणायचो, आता लिमिट लाव. लिमिट लावलं की वरच्या मेंढ्या कापल्या जातात आणि लोकांना मटण मिळतं.

"नाय लावणार."

"लोकं मरायलेत, गण्या!"

"मरू दे. दुसरी येतील."

आतून सुवर्णा वहिनी ओरडायच्या, "भावजी, ह्यांना नका शिकवू, ह्यांचं काय खरं नाय! चहा घ्या."

मग तो गेला, आणि वहिनी एकदम गप झाल्या.

एवढी बोलकी बाई. जेवण नाय, कुणाचा फोन उचलणं नाय. माहेरचे न्यायला आले, गेल्या नायत. सासरचे आले, तिकडंबी नाय. माझी बायको रूपाली डबा घेऊन जायची, तो तसाच परत यायचा.

लई भ्या वाटायलं होतं. गण्या तर गेलाच, आता वहिनीबी हातच्या जातात की काय.

पोळ्याच्या सुमारास त्यांचाच फोन आला.

"भावजी, ते ह्यांचं गेम कसं लावत्यात?"

रूपालीला घेऊन पळतच गेलो. लॅपटॉप लावून दिला. गण्याचं गाव उघडलं, तर वहिनी म्हणाल्या, "हे नको. नवं लावा."

आणि ऐका. बाईनं आधी विहीर केली, मग शेत, मग कोंबड्या, मेंढ्या सगळ्यात शेवटी. "ते लिमिट कुठं असतंय?" म्हणून विचारलं आणि धाडकन लावूनबी टाकलं!

गावानं हिवाळा काढला. एक म्हातारा सोडला तर कुणी मेलं नाय.

मी टाळ्या वाजवल्या. वहिनी माझ्याकडं बघायल्या.

"एवढं सोप्पं हाय. मग ह्यांना का जमत नव्हतं?"



"जमत होतं, वहिनी. त्याला करायचंच नव्हतं."

गण्यानं मला एकदा क्रांती चौकात चहा पिताना सांगितलं होतं. तो शाळेत असताना गावाकडचा माळ प्लॉटिंगमध्ये गेला, चारायला जागाच उरली नाय. त्याच्या वडिलांनी, आबांनी, सगळा कळप विकला. गण्या शाळेतून घरी आला तर वाडा रिकामा. तेव्हापासून आबांनी मेंढ्यांचं नाव काढलं नाय.

"गेममध्ये तरी कुणी विकू नये यार," एवढंच बोलला आणि क्रिकेटचा विषय काढला.

वहिनींना ह्यातलं काहीच माहीत नव्हतं. मी सगळं सांगितलं.

त्या रडल्या. गण्या गेल्यापासून पहिल्यांदा मोकळ्या होऊन रडल्या. रूपालीनं त्यांना जवळ धरलं, मी गॅलरीत जाऊन माझं रडून घेतलं.

मग आमच्यासोबत जेवल्या. दोन घास जास्तीच.

दिवाळीनंतर शेंद्र्याला आमच्याच कंपनीत पॅकिंगच्या कामाला लागल्या. आता चहाच्या सुट्टीत मलाच शिकवतात. "भावजी, तुमची लोकं सारखी आजारी पडत्यात. वैदू ठिवला नाय तुम्ही, दुसरं काय!"

बरेच जण विचारतात, ह्यातला कोणता गेम घेऊ? नावं कॉमेंटमध्ये टाकतो, इथं जाहिरात वाटंल. पण पहिल्यांदाच खेळणार असाल तर लढाईवाला घेऊ नका. नुसतं जगायचं असतं, तो घ्या. तेवढंच लई अवघड असतं. ज्यात माणसांना नावं असतात तो मिळाला तर बेस्ट, जीव लागतो. लॅपटॉप साधा असला तरी जुने गेम मस्त चालतात. आणि घरच्यांना शेजारी बसवा, काय चाललंय ते सांगा. एकट्यानं खेळायची चीज नाय ती.

आज वर्षश्राद्धाला पाचोडला गेलो होतो. पंगत उठली आणि वहिनी कुठं दिसंनात. मला परत धसका बसला.

थोड्या वेळानं माल वाहायची रिक्षा दारात आली. पुढं वहिनी, मागं दोन मेंढ्या. दोन्ही माद्या, एक गाभण. बाजारातून आणल्या होत्या.

आबा बाजेवरून उठले. आधी दोघींचे दात बघितले, मग गाभणीच्या पोटावरून हात फिरवला. लई वेळ फिरवत राहिले.

"कुणी निवडल्या?"

"मी."

"पोरी, ह्यांच्या मागं रोज माणूस लागतंय."

"तुम्ही हाव की. सुट्टीला मी येत जाईन."

आबांनी डोळे पुसले आणि ओरडले, "आरं, बघता काय नुसतं? पाणी आणा त्यांना!"

गण्या, वहिनी सावरल्या रे. आबाबी.

आता तू काळजी सोड.

लई आठवण येते. जय मल्हार, दोस्ता.