आपणहून उठणारे नऊ जण

नवप्रभा वाचनशालेचा कॉम्प्युटर सुरू व्हायला अठ्ठेचाळीस मिनिटं लागायची. आकडा हवेतला नाही. ग्रंथपाल तंकमणी सकाळी बटण दाबायची, मग अख्खी वाचनशाला झाडायची, सात वर्तमानपत्रं काठ्यांना अडकवायची, समोरच्या टपरीवर चहा प्यायची, टपरीवाल्याशी राजकारणावरून एकदा भांडायची, आणि परत येईपर्यंत पडद्यावर एक बदक आलेलं असायचं. बदक म्हणायचं, चला, टायपिंग शिकू या. टायपिंगचं ते शिबिर होऊन बारा वर्षं झाली होती. शिकणाऱ्या मुली लग्न करून आखातात गेल्या. बदक राहिलं.

बदकामागे रांगच होती. रक्तदाता मंच रोज तंकमणीचा रक्तगट विचारी आणि सांगितल्याशिवाय पुढे सरकू देत नसे. जणू रात्रीत बदलला असेल. बुद्धिबळाचा पट डाव मांडून बसे. भरती-ओहोटीचं वेळापत्रक येई, समुद्र अकरा किलोमीटर लांब असताना. एक जण सहा वर्षांपूर्वी मेलेल्या प्रिंटरला हाका मारी. मग संस्थापक कॉम्रेड अंबूंचा हार घातलेला फोटो सावकाश मोठा होत जाई, मागे सव्वाचार मिनिटांचं गाणं. आणि तीन अँटीव्हायरस. ते तिघे एकमेकांनाच व्हायरस समजत आणि सकाळभर एकमेकांच्या अंगझडत्या घेत.

असे नऊ जण. प्रत्येकाला कुणी ना कुणी आणून बसवलेलं, आणि आणणारा प्रत्येक जण कार्यकारी समितीवर. म्हणून हात कोण लावणार?

तंकमणी पन्नाशीची. आई विड्या वळायची, तीही वळायची. शाळा नववीत सुटली, वाचन सुटलं नाही. केरळात कण्णूरकडच्या आमच्या चेरुपारा गावात तिला लोक चेची, म्हणजे ताई, म्हणतात आणि थोडे घाबरतात. रोज दुपारी ती पिशवीत पुस्तकं भरून एकतीस घरी जाते. त्या घरांतल्या बायका वाचनशालेपर्यंत येऊ शकत नाहीत; कुणाला तान्हं मूल, कुणाला दुखणं, कुणाला सासू. कार्त्यायनी अम्माचं खुब्याचं हाड मोडल्याला चार वर्षं झाली. एकोणऐंशीची ही बाई फक्त खुनाच्या कादंबऱ्या वाचते. खून नसला तर सासूबाई जेवत नाहीत, असं सून सांगते.

ही फेरी वाचनशालेच्या 'अ' श्रेणीला मिळणाऱ्या अनुदानावर चालायची. गेल्या वर्षी ग्रंथालय परिषदेतर्फे तपासणीला आलेले वत्सलन सर कॉम्प्युटरपुढे वीस मिनिटं बसले, चहा प्यायले आणि रकान्यात लिहिलं: कॉम्प्युटर नाही.

"नाही काय? समोर तर आहे," तंकमणी म्हणाली.

"समोर टेबलही आहे," सर म्हणाले. "चालतं तो कॉम्प्युटर, बाकीचं फर्निचर. पुढच्या वर्षीही असंच दिसलं तर श्रेणी उतरेल. मग तुमची ती पिशवी बंद."

तंकमणी सरांवर चिडली नाही, कारण ते खरं बोलले होते. तिने वाचनशालेतलंच एक कॉम्प्युटर मासिक काढलं, जे आजवर कुणीच घरी नेलं नव्हतं. त्यात सगळं होतं. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकत्र दाबा. 'स्टार्टअप'चं पान उघडा. मशीनबरोबर आपणहून उठणाऱ्यांची यादी दिसेल. नको त्या नावावर उजवं बटण दाबून 'डिसेबल' करा. तो प्रोग्रॅम जाणार नाही, फक्त हाक मारल्याशिवाय उठणार नाही. तिने यादी उघडली. नऊच्या नऊ जण ओळीने बसले होते.

ती तिथेच करून टाकणार होती. पण पूर्वी एकदा तिने तीन पायांची खुर्ची भंगारात दिली होती आणि समितीने तिची सात महिने चौकशी केली होती. म्हणून तिने हा विषय बैठकीत मांडला.

"बंद करायचं म्हणजे काढून टाकायचं का?" अध्यक्ष कुंजिकण्णन मास्तरांनी विचारलं. कॉम्रेड अंबूंचा फोटो त्यांचाच.

"काढायचं नाही मास्तर. घरातच राहतील. फक्त आपणहून ओसरीवर येऊन बसणार नाहीत."

"म्हणजे निलंबन," सचिव पवित्रन म्हणाला.

"सदस्यत्व राहतं, मान जातो," खजिनदार मोईदूने मान हलवली. "आमच्या काकाला पक्षाने असंच केलं. त्यातच खचला बिचारा."

"तुझा काका वेळापत्रक होता का रे?" तंकमणीने विचारलं.

"चेची, तुम्ही विषय हलका करू नका. यांच्यावर आरोप काय आहे?"

"उशीर लावतात."

"उशीर आपण बैठकीलाही लावतो," मास्तर म्हणाले, आणि हे इतिवृत्तात घ्यायचं की नाही यावर पाऊण तास गेला.

शेवटी ठरलं की बाजू ऐकून घेतल्याशिवाय कारवाई करणं लोकशाहीत बसत नाही. नऊ जणांना कारणे दाखवा नोटीस. पंधरा दिवसांत खुलासा. तंकमणीने नऊ नोटिसा हाताने लिहून फळ्यावर लावल्या. बदकाची लिहिताना तिच्या डोक्यात तिडीक गेली आणि पेनाचं टोक मोडलं. हे ज्यांना खोटं वाटतं त्यांनी एकदा आमच्या गावच्या बैठकीला येऊन बसावं.

खुलासे नऊच्या नऊ आले. पवित्रनने आपल्या अँटीव्हायरसच्या वतीने चौदा पानं दिली, त्यातली तेरा मोईदूच्या अँटीव्हायरसविरुद्ध होती. प्रिंटरला हाका मारणाऱ्याची बाजू निवृत्त पोस्टमनने मांडली: समोरून उत्तर येत नाही म्हणून कुणी हाक मारणं सोडावं का? ते वाचून दोन जणांच्या डोळ्यांत पाणी आलं. बुद्धिबळाने एकच ओळ पाठवली होती, 'तुमची चाल.'

मतदान झालं, पाच विरुद्ध पाच. मास्तरांनी निर्णायक मत द्यायला नकार दिला, कारण आरोपींत खुद्द संस्थापक होते. मग अभ्यासासाठी उपसमिती नेमली. अहवाल तीन महिन्यांनी.

तपासणी पाच दिवसांवर आली होती.

खरोखर संतापली की तंकमणी वाचायला घेते. तिने कपाटातून वाचनशालेची जुनी नियमावली काढली आणि उभ्या उभ्या वाचत सुटली. नियम सतरावर बोट थांबलं. 'रोज वाचनशाला उघडताना दारे, खिडक्या, कपाटे व अन्य सामान यांपैकी काय, केव्हा व किती उघडावे, हे ग्रंथपाल ठरवील.' खाली कॉम्रेड अंबूंची सही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला, दारं सताड उघडी ठेवून, तिने हजेरी रजिस्टरात लिहिलं: नियम सतराप्रमाणे कॉम्प्युटरमधलं काय उघडायचं ते मी ठरवलं आहे. सही केली. मग तीन कळा, एक यादी, नऊ वेळा उजवं बटण. मशीन बंद केलं, परत चालू केलं आणि झाडू हातात घेतला.

एक मिनिट चाळीस सेकंद. अजून एक कोपराही झाडून झाला नव्हता. आधी तिला वाटलं, बिघडलं. कोपऱ्यात एक छोटी ढाल उगवली, मशीनबरोबरच आलेला राखणदार, कुठल्याच गटाचा नसलेला. सगळं ठीक आहे, म्हणाली आणि निघून गेली.

तपासणीच्या दिवशी सगळी समिती लुंगीसारखी पांढरी मुंडू नेसून हजर. वत्सलन सर येऊन बसले.

"चहा येऊ दे," ते सवयीने म्हणाले.

"सही झाली की लगेच," तंकमणीने बटण दाबलं.

सरांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवेपर्यंत मशीन उघडलं होतं. त्यांनी संशयाने तिच्याकडे पाहिलं. "आधीच चालू करून ठेवलंत ना? बंद करा. आता मी करतो."

त्यांनी केलं. पुन्हा तेच. त्यांनी पुस्तकांची यादी तपासली, सभासदांची तपासली, फेरीची एकतीस नावं वाचली, रकान्यात 'आहे' लिहिलं आणि 'अ' वर सही ठोकली. तंकमणीने कागद हातातून घेऊन पोलक्यात खोचला आणि चहा मागवला.

तेव्हा मास्तरांचा आवाज आला. "संस्थापक कुठे आहेत?"

"आतच आहेत. बोलावलं की येतात. या, तुम्हीच बोलवा."

मास्तरांनी बोलावलं. कॉम्रेड अंबू उमलू लागले, गाणं सुरू झालं, सगळे उठून उभे राहिले. सरही अर्धा चहा घेऊन उठले.

"मग आमच्यानेच काय पाप केलंय?" पवित्रन पुढे सरकला आणि त्याने आपला अँटीव्हायरस उठवला. मोईदूने लगेच स्वतःचा. कुणीतरी बदकाला. दोन्ही अँटीव्हायरस एकमेकांच्या उरावर बसले आणि मशीन जागच्या जागी थिजलं. संस्थापकांचा फोटो निम्मा मोठा होऊन अडकला, शेजारी बदक, आणि गाण्याचा एकच सूर लांबत राहिला. गाणं संपल्याशिवाय बसायचं नाही, ही वाचनशालेची रीत. कुणीच बसेना.

"मॅडम, हे किती वेळ चालतं?" सरांनी कपाआडून विचारलं.

"ते समितीला विचारा," म्हणत तंकमणीने पिशवी खांद्याला लावली आणि बाहेर पडली.

कार्त्यायनी अम्मा उशीला टेकून वाट पाहत होती. "काय झालं?"

"राहिली श्रेणी."

उशीखालून म्हातारीने गेल्या आठवड्याचं पुस्तक काढलं. शेवटच्या पानांत खुणेची दोरी होती.

"हे अजून वाचलं नाहीस? आठ दिवस झाले," तंकमणी म्हणाली.

"अकरा पानं ठेवलीत. तू यायची बंद झालीस तर निदान खुनी कोण ते कळायचं बाकी असावं म्हटलं." तिने चष्मा चढवला. "बस आता. हे घेऊनच जा."

अकरा पानं संपेपर्यंत तंकमणी खाटेच्या कडेला बसून राहिली.