कानातलं आकाश

पिरंगुटच्या बाजारात वैद्यकाकांना सगळे ‘गप-वैद्य’ म्हणायचे. पेशंटपेक्षा सोबतची माणसंच जास्त बोलतात, हा त्यांचा कायमचा राग. सासू सुनेची पोटदुखी सांगायला लागली, की हे कडाडणार, ‘‘गप! पोट कुणाचं, तुमचं का तिचं?’’ एकदा मुठा गावचे एक आजोबा बायकोचं दुखणं स्वतःच सांगत बसले. वर म्हणतात, ‘‘तिला न्हाई सांगाया येत, वैद्यबुवा.’’ वैद्यकाकांनी त्यांना सरळ दवाखान्याच्या पायरीवर नेऊन बसवलं. आतून आजींचा आवाज मग तासभर येत होता.

‘‘चार महाभूतं अंगाला लागतात,’’ ते म्हणायचे, ‘‘पाचवं लागत नाही, म्हणून कुणाला त्याची किंमत नाही. आकाश म्हणजे जागा. पोटात हवी, छातीत हवी. आणि कान तर आकाशाचंच इंद्रिय, तिथंही लोक कचरा ओततात!’’ लग्नाच्या पंगतीत कुणी पोळीचा आग्रह केला, की ताटावर दोन्ही हात आडवे. ‘‘पोटात एक खोली रिकामी ठेवलीय. तिथं भाडेकरू नको!’’ खोल्या भाड्याने देणाऱ्या आमच्या गावाला हे बरोबर झोंबायचं.

सातव्या महिन्यात माझं मूल पोटातच गेलं. अख्खी आळी समजूत घालायला आली. देवाची इच्छा म्हणे! अजून वय आहे म्हणे! आग लागो त्या समजुतीला. वैद्यकाका आले आणि खुर्ची ओढून बसले. ‘‘बोल, नाहीतर बोलू नकोस. मी बसलोय.’’ दिवेलागणीपर्यंत मी बोलले, रडले, देवाला शिव्या घातल्या. त्यांनी एक सल्ला दिला नाही. जाताना एवढंच म्हणाले, ‘‘उद्या येतो.’’ आणि आले. मी जगले ती त्यांच्यामुळे.

त्याच माणसाला लकवा झाला. अर्धं अंग गेलं, वाचा गेली, आणि मुलाने त्यांना बावधनच्या फ्लॅटवर नेलं. मी भेटायला गेले तर खाटेभोवती मुलगा, सून, जावई चहा पीत बसलेले. दवाखान्याची जागा मेडिकलवाल्याला विकायची का मोबाईलवाल्याला, यावर वाद रंगलेला. काका टक्क डोळे उघडे ठेवून पडलेले.

‘‘अहो, हळू तरी बोला,’’ मी म्हटलं.

‘‘बाबांना आता काय कळतंय, ताई!’’ मुलगा म्हणाला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ‘‘वाचा गेलीय त्यांची, कान नाही गेले! जागा त्यांची आहे, त्यांना विचारा ना!’’

‘‘ते काय बोलणार आहेत?’’ जावई हसला. हसला मेला!

मी खाटेवर बसले. काकांचा चालता हात हातात घेतला. ‘‘काका, दवाखाना विकायचाय यांना. तुमची ना असेल तर हात दाबा.’’

पहिल्यांदाच ती खोली गप्प झाली. काकांनी माझं मनगट असं आवळलं, की हातातली बांगडी पिचली.

पुढच्याच महिन्यात काका गेले. दवाखान्यात आता मोबाईलचं दुकान आहे आणि दारात दिवसभर गाणी ठणाणा वाजतात. मुलगा गावात सांगत फिरतो, ‘‘बाबा कधी नाही म्हणालेच नाहीत.’’

खोटारडा! बांगडी पिचल्याचा आवाज त्या खोलीत प्रत्येकाने ऐकला होता.