दोघींच्या गाडीत सातजण

पिरंगुटच्या दुकानात मी पेट्रोलसाठी पत्र्याचे कॅन बघत होते. दहा लिटरचा एक घ्यावा की पाचाचे दोन, एवढाच प्रश्न होता. तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला. लावणीचा शेवटचा तुकडा उरकून अक्का बांधावर टेकल्या, त्या उठल्याच नाहीत. मी कॅन खाली ठेवले आणि पहिला विचार आला तो असा : आता? निघायला तीन आठवडे राहिले असताना? ... दुःखात माणूस इतका चिडू शकतो, हे मला माहीत नव्हतं.

अक्का माझ्या थोरल्या जाऊबाई. भुकूमला आमची दोन घरं एकाच अंगणात. त्या शेती आणि भाड्याच्या खोल्या बघायच्या, मी बँकेत जायचे. गेल्या वर्षी एका भाडेकरूने त्यांना मोबाइलवर हिमाचलातल्या स्पितीचा रस्ता दाखवला. उघडे डोंगर, मधून एक पांढरी रेघ, माणूस नाही. दुसऱ्या दिवशी बाईंनी गाडी शिकायला नाव घातलं, छप्पन्नाव्या वर्षी. मला म्हणाल्या, "मला तितं जायचंय, जितं 'कुनाची गं तू' म्हनून कुनी ईचारनार न्हाई." जन्मभर कुणाची तरी सून, कुणाची तरी आई म्हणून वावरलेल्या बाईचं हे मागणं मला फार पटलं. मी लगेच तयारीला लागले. लावणी झाली की निघायचं, कापणीच्या आत परत. तिथलं काझा गाव सोडलं की पुढे पंप नाही, फोनला रेंज नाही. तेव्हा औषधांपासून टो करायच्या दोरापर्यंत सगळं लिहून काढलं. पुढे दोघी, मागे सामान. चोख.

आणि अक्कांनी माणसं जमवायला सुरुवात केली. कुणी "कुटं निघालात?" म्हटलं की यांचं उत्तर ठरलेलं, "स्पितीला. चल की तू बी!" दूधवाल्या काकू झाल्या, नेऱ्याची मामेबहीण झाली, नागपूरचा भाडेकरू आणि त्याची आई झाली, वर पिठाच्या गिरणीवाला. त्या भाडेकरूने तर आईसाठी जाडजूड जाकीट मागवलं!

"अक्का, तुम्हाला तिथे ओळखीचं कुणी नको होतं ना? मग अर्धं गाव कशाला नेताय?"

"अगं, येतंय कोन! ईचारलं म्हंजे मान राहतो मानसाचा."

"जाकीट आलंय त्यांचं!"

"मग तूच सांग त्यास्नी. तुला जमतं तसलं."

मला जमतं तसलं! घरोघरी जाऊन नाही म्हणायला मी, वाईट व्हायला मी. काकूंनी आठवडाभर आमच्या दुधात मुद्दाम पाणी घातलं, असा माझा आजही संशय आहे. अक्कांनी मात्र त्याच आठवड्यात मागच्या सीटवर इंद्रायणी तांदळाचं पोतं आणून टाकलं. परक्या मुलखात भात कसला मिळणार, म्हणून.

दिवसकार्य झालं. स्पितीचं नाव घरात कुणी काढेना, मीही काढलं नाही. परवा फक्त गाडी धुळीत पडून राहायला नको म्हणून गॅरेजला नेली. मेकॅनिक मागच्या चाकाशी बराच वेळ झटापट करत होता.

"ताई, ह्यो नट कुनी आवळलाय?"

कुणी आवळणार! अंगणात मी अक्कांना चाक बदलायला शिकवत होते, तेव्हा हाताने आवळलेल्यावर बाईंचा विश्वास बसेना. पदर खोचून दोन्ही पायांनी पान्यावर उभ्या राहिल्या. मी ओरडतेय, "उतरा, आटे जातील!" आणि त्या वरून म्हणतायत, "आटं जाऊंदे, चाक जायला नगं."

"ऱ्हाऊ द्या तसाच," मेकॅनिक म्हणाला. "हितल्या हितं फिरायला काय होतंय?"

मी त्या नटाकडे बघत राहिले. खरंच, राहू द्यावा असं फार वाटलं.

"नाही, काढा," मी म्हटलं. "काझाच्या पुढे पंक्चर झालं तर माझ्या हाताने निघायला हवा."

"ते कुटं आलं?"

"लांब आहे. सोमवारी निघतेय."

त्याने पान्याला लोखंडी पाइप जोडला, शेजारच्यालाही बोलावलं. दोघे त्यावर लोंबकळले, तेव्हा कुठे तो नट किंचाळून सुटला. मी तो पुसून उजेडात धरला. आटे शाबूत होते... म्हणजे त्यातही अक्कांचंच खरं! आणि भांडायला समोर कुणी नाही.