मोकाशी सरांचा नकाशा आणि एक तांब्या पाणी

सावित्री नदीच्या वळणावर गाळ साचतो ना, तसे भूगोलाच्या मास्तराकडे किस्से साचतात. आपण काही करायचं नसतं. नुसतं काठावर उभं राहायचं, लोक आणून टाकतात!

आमचं मंडळ तिघांचं. महाडच्या हायस्कुलातले मोकाशी सर आमचे म्होरके. उन्हाळा-पावसाळा डोक्यावर साहेबी सोला हॅट, आवाज असा की शेवटच्या बाकावरचा झोपलेला पोरगाही जागा व्हावा. दुसरे मूळचे पोलादपूरचे मुकादम सर, गोड बोलून टोपी उडवणारे. तिसरा मी. तिघेही एकाच शाळेत. रविवारी स्टँडजवळच्या हॉटेलात टेबलावर नकाशा पसरायचा आणि चहाच्या कपांनी त्याचे कोपरे दाबायचे, हा आमचा नेम. हॉटेलवाला म्हणायचा, "आले जग विकत घेणारे!"

ही गोष्ट पन्नास-साठच्या दशकातली. तेव्हा भूगोलाला कोणी विचारत नव्हतं हो! गणिताच्या मास्तराला लोक वाकून नमस्कार करत, इंग्रजीच्या मास्तराला घाबरत आणि आम्हाला विचारत, "सर, पाऊस कधी पडणार?"

*

मी नोकरीला लागलो त्या दिवशी हेडमास्तर म्हणाले, "भूगोल काय, पुस्तक वाचून दाखवायचं. आणि हो, गॅदरिंगचे पडदे तुमच्याकडे."

म्हणजे विषय कोणता आणि पडदे कोणते, हेच मला वर्षभर कळेना.

त्याच सुमारास माझं लग्न ठरत होतं. मुलीच्या वडिलांनी आमच्या मामांना विचारलं, "मुलगा शिकवतो काय?"

"भूगोल."

"बरं बरं. आणि पोटापाण्याला?"

लग्न झालं, काळजी नको! पण सासरेबुवांनी शेवटपर्यंत पाहुण्यांना माझी ओळख 'हायस्कुलात असतात' एवढीच करून दिली.

या सगळ्याचा सर्वांत जास्त राग मोकाशी सरांना. त्यांनी भांडून भांडून शाळेमागचं अंगण मिळवलं आणि तिथे सुट्ट्यांमध्ये राबून आम्ही तिघांनी आपल्या मुलखाचा उठावाचा नकाशा बांधला. दगड, माती, वरून सिमेंट. एका टोकाला महाबळेश्वरचा डोंगर, दुसऱ्या टोकाला खाडी, मध्ये पोलादपूर, महाड आणि सगळ्यांवर नजर ठेवून रायगड. शाळा सुरू झाली की पहिल्या दिवशी मोकाशी सर डोंगराच्या माथ्यावर तांब्याभर पाणी ओतायचे. पोरं त्या पाण्याबरोबर वाकून वाकून खाडीपर्यंत जायची. अहो, सावित्री कुठून येते हे आमच्या पोरांना पाठ करावं लागलं नाही कधी!

संस्थेचे अध्यक्ष भाऊसाहेब लाकडाचे मोठे व्यापारी. त्यांना मात्र तो नकाशा डोळ्यांत खुपायचा. त्यांना तिथे गॅदरिंगसाठी पक्कं स्टेज हवं होतं. दर मीटिंगला ते विचारायचे, "मोकाशी, ते मातीचं खेळणं कधी काढताय?" आणि सरांचा चेहरा पडायचा. एरवी कोणाला न बधणारा माणूस, पण नकाशाचं नाव निघालं की आतून हलायचा.

*

महाडजवळच्या सव गावचे गरम झरे किती गरम, हे पुस्तकात नव्हतं. मोकाशी सर म्हणाले, "नाही ना? मग आपण मोजू."

थर्मामीटर आणायचं काम मुकादमांकडे. त्यांनी ते ओळखीच्या डॉक्टरांकडून आणलं. आम्ही तिघे पदवीधर, पण एकाच्याही डोक्यात आलं नाही की हे ताप बघायचं आहे! पाण्यात बुडवलं आणि टक्! काच एकीकडे, पारा दुसरीकडे.

सांधे शेकायला आलेली एक म्हातारी शेजारच्या कुंडावर बसली होती. ती म्हणाली, "काय रे मास्तर, झऱ्याला ताप आलाय काय?"

मुकादम गंभीरपणे म्हणाले, "जुना ताप हाय गो आजी. उतरायचा नाय."

पुढच्या रविवारी आम्ही प्रयोगशाळेतलं थर्मामीटर घेऊन गेलो आणि आकडा मिळवलाच. तो वर्गाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिला. खाली सरांनी लिहिलं, 'आम्ही स्वतः मोजले.' मला विचाराल तर सगळ्या शाळेत तेवढं एकच वाक्य अस्सल होतं!

*

एकदा आंबेनळी घाटात एस.टी. तापली. ड्रायव्हर पाणी आणायला गेला. आम्ही तिघे खाली उतरलो, कारण रस्त्याकडेला डोंगर कापलेला आणि काळ्या कातळाच्या दोन थरांमध्ये लाल मातीचा पट्टा लख्ख दिसत होता. सर त्याला हात लावून उभे राहिले. तिघे मास्तर दरडीला चिकटलेले पाहून प्रवासी उतरले.

एकाने दबकत विचारलं, "सोनं हाय काय ओ?"

"सोन्याहून जुनं आहे!" सर म्हणाले, आणि सुरू झाले. इथे जमीन फाटली, तप्त रस वाहिला, थंड झाला, त्यावर माती धरली, मग पुन्हा रस आला. बायका पोरं कडेवर घेऊन ऐकत होत्या. एक बुवा तर त्या लाल पट्ट्याला हात जोडून उभे राहिले.

गाडी कधीच सुरू झाली होती. कंडक्टरने घंटा मारली. कोणी हलेना. पुन्हा मारली. शेवटी तो खाली आला आणि अदबीने म्हणाला, "सर, तुमचा रस थंड झाला असंल तर गाडी सोडू?"

सांगा, गणिताच्या मास्तरासाठी कधी एस.टी. थांबली आहे?

*

चीनच्या लढाईनंतरचे दिवस. आम्ही शिवथरच्या खोऱ्यात होकायंत्र आणि नकाशा घेऊन फिरत होतो. त्यात सरांची ती हॅट! वाडीतल्या लोकांनी आम्हाला घेरलंच. "हेर हायत! ठाण्यावर न्या!"

मुकादमांनी गोड बोलून पाहिलं, उपयोग नाही. मग लोकांनी फौजेतून निवृत्त झालेल्या एका हवालदारांना बोलावलं. त्यांनी नकाशा उलटसुलट पाहिला आणि मिशीला पीळ दिला. "मास्तर म्हणवता ना? मग ह्यात माझं घर दाखवा. नाय दाखवलंत तर ठाणं."

सरांनी चष्मा पुसला. "हा ओढा. इथे तो वळतो. वळणाच्या वर ही टेकडी. तिच्या पायथ्याशी एकटं घर, मागे विहीर."

हवालदारांनी मान वळवून खरी टेकडी पाहिली, पुन्हा नकाशा पाहिला. मग टाचा जुळवून त्यांनी सरांना कडक सॅल्यूट ठोकला आणि लोकांना म्हणाले, "सोडा रे त्यांना! हा मानूस आपल्याला वळखतोय."

त्या दुपारी आम्ही त्यांच्याच ओटीवर भाकरी खाल्ली. माझी छाती इतकी फुगली होती की घास उतरेना.

*

आणि मग तो दिवस आला. भाऊसाहेब गंगाराम गवंड्याला घेऊन शाळेत हजर! "मोकाशी, स्टेजचं काम आजपासून."

मोकाशी सर पांढरेफटक पडले. मला वाटलं, आता भांडतील. पण ते हळू आवाजात म्हणाले, "मोडा. फक्त शेवटचं पाणी घालू द्या."

"घाला की!" भाऊसाहेब हसले.

सरांनी तांब्या ओतला. पाणी डोंगरावरून उतरलं, पोलादपूर ओलांडून महाडला आलं आणि खाडीकडे जाण्याआधी एका खोलगट जागी साचून राहिलं.

"हे कुठं साचलं?" भाऊसाहेबांनी विचारलं.

मुकादम अगदी मायेने म्हणाले, "भाऊसाहेब, तुम्ही नवा बंगला बांधताय ना काठाला, हवेशीर? तिथंच."

भाऊसाहेब लालबुंद झाले. "मातीचं खेळणं ते! त्याला काय कळतंय?" म्हणाले आणि तणतणत निघून गेले. गंगाराम त्यांच्यामागे पहार घेऊन.

संध्याकाळपर्यंत बातमी बाजारात पोचली. दुसऱ्या दिवशी लोक घरून तांबे घेऊन आले हो! किराणावाले आले, शिंपी आले, वकील आले. जो तो पाणी ओतून आपलं दुकान बघतोय, आणि जाताजाता अध्यक्षांच्या बंगल्याचं तळं बघून हसतोय. भूगोलासाठी सगळं महाड रांगेत उभं! मोकाशी सर हॅट काढून एका कोपऱ्यात उभे होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते कोणत्या दिशेला वाहतंय याची त्यांना पर्वा नव्हती.

आता नकाशा मोडावा, तर भाऊसाहेब घाबरले असं गाव म्हणणार. न मोडावा, तर रोज बंगला बुडणार! आम्ही धास्तावून वाट बघत राहिलो.

काही दिवसांनी सकाळीच गंगाराम आला. पहार नव्हती. घमेल्यात थोडं सिमेंट आणि थापी.

"सर, भाऊसाहेबांनी सांगितलंय, नकाशा मोडायचा नाय. फकस्त त्यांच्या बंगल्याखाली जरा भर घालायची हाय."

गंगाराम उकिडवा बसला, सिमेंट कालवलं आणि थापी उचलून विचारलं, "किती उंच करू, सर?"

मोकाशी सरांनी हॅट डोक्यावर ठेवली, नीट केली आणि म्हणाले,

"रायगडाच्या खाली ठेव, बाबा."